आठ फोटो, चार जागा

माझ्या पेटीत सात फोटो आहेत. तळहातावर मावतील एवढे, कडा पिवळ्या पडलेल्या. नातवंडं कधी पेटी उघडतात, फोटो उलटेसुलटे करून बघतात आणि विचारतात, "आजी, यात माणसं कुठायत?" माणसं नाहीतच. एका फोटोत खालच्या कोपऱ्यात बैलाचं शिंग आलंय, तेही चुकून. मुंबईचे फोटो आणि मुंबईत माणूस नाही म्हटल्यावर पोरं हसतात, मीही हसते. काढले होते आठ. त्या आठव्याची हकीकत सांगताना मात्र अजून माझी मान खाली जाते.

आमची वाडी रेवस आणि मांडव्याच्या मधल्या किनाऱ्यावर. मागे कनकेश्वराचा डोंगर, पुढे पाणी, आणि पाण्यापलीकडे मुंबई. सकाळी ती असून नसल्यासारखी, धुरकट हवेत नुसता एक राखी पट्टा. दुपारी वारा सुटला की त्या पट्ट्यातून एकेक टोक वर यायचं, गिरण्यांच्या चिमण्या, एखादा मनोरा. दिवेलागण झाली की पाण्याच्या कडेला बारीक दिव्यांची ओळ उमटायची. लहानपणी मला वाटायचं, मुंबई रोज सकाळी विरघळते आणि संध्याकाळी कुणीतरी ती पुन्हा मांडतं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मांडू दे. आपल्याला कुठं मांडाय लागते." तिच्यासमोर तेव्हा ढीगभर बोंबील वाळत घालायचे होते.

बाबा माल वाहणाऱ्या शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, म्हणजे मचवा त्यांच्या हुकमाने चालायचा. पावसाळा सोडून आठ महिने गवताच्या पेंढ्या, पांढरा कांदा आणि सुकी मासळी भरून ते भाऊच्या धक्क्याला जायचे. लग्नाला वीस वर्षं झाली तरी आईने मुंबई पाहिली नव्हती. दिवाळी झाली की नेतो, होळी झाली की नेतो, असं चालायचं. मचवा मालाने भरलाय, वारा वेडावाकडा आहे, मासळी वाळायचीय, पोर अंगावर पितंय; कारण कधी त्यांचं असायचं, कधी तिचं. मग मी तेरा वर्षांची असताना आई बाळंत झाली. मूल राहिलं नाही. ताप उतरला, पण तिचे पाय उठेनात. डोक्यावर पाटी घेऊन किहीम-चोंढीपर्यंत झपाझपा जाणारी बाई खिडकीजवळच्या बाजेवर पडून राहिली. दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या वर्षी तिला अन्नही जाईना. वैद्यबुवा अंगणात येऊन बाबांना हळूच म्हणाले की पुढचा पावसाळा तिला जड आहे. मी दाराआड उभी होते.

खिडकी उत्तरेकडची. संध्याकाळी दिवे लागायला लागले की आई तिकडे तोंड करून पडायची. एकदा तिने बाबांना विचारलं, "अवं, हितून ती दिसते, तर तितून आपुन दिसत असू का?"

"डोंगर दिसतो," बाबा म्हणाले.

"आन घर?"

"घर न्हाय दिसत."

बाबा असेच. डोळ्यांना दिसलं तेवढंच बोलणार, वर एक अक्षर नाही. तांडेलाने अंदाजाने बोललं तर माणसं बुडतात, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा फार राग यायचा. बाई मरायला टेकलीय, दिसतं म्हणालात तर काय बिघडेल? पण आईला त्यांचं उत्तर पटायचं. आठवड्याने ती पुन्हा तोच प्रश्न विचारायची आणि ते पुन्हा तेच सांगायचे. मला वाटायचं, ही काय विचारण्याची गोष्ट आहे? एवढी मोठी मुंबई समोर असताना आमच्या डोंगराचं कुणाला काय पडलंय?

वाडीतल्या शाळेचे मास्तर मूळचे पालीकडचे. त्यांच्याकडे एक काळा पेटी-कॅमेरा होता. ते आईची विचारपूस करायला आले तेव्हा तो त्यांच्या खांद्याला लटकत होता. आईने तो हातात घेतला, हलवून पाहिला, कानाशी लावला. "मास्तर, ह्या डब्यात मुंबई मावंल का?" मास्तर हसले, आणि मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आमच्या ओटीवर आणून ठेवला.

मी चौथी पास, म्हणून शिकवणी मला मिळाली. डबा पोटाशी धरायचा, वरच्या काचेत बघायचं, ऊन पाठीशी घ्यायचं, श्वास रोखायचा, खटका दाबायचा. मग मागच्या लाल भिंगात पुढचा आकडा येईपर्यंत किल्ली फिरवायची. "आठ फोटो," मास्तर म्हणाले. "नववा नाही. तेव्हा आधी जागा ठरवा. नुसत्या भिंती काढू नका, माणसं घ्या." त्यांनी असंही सांगितलं की आतल्या कचकड्याच्या पट्टीवर सगळं उलटं उमटतं, उजेड काळा आणि काळोख पांढरा. त्यावरून मग कागदावर सुलटं छापतात.

"म्हंजी त्या उलट्यात मी गोरापान दिसंन," बाबा म्हणाले. आई हसली. किती दिवसांनी हसली ते मला आठवतं, पण ते लिहवत नाही.

पंधरा दिवस मी आणि आई जागा ठरवत होतो. मी पाटीवर लिहायची, ती पुसायला लावायची. राणीच्या बागेतला वाघ तिने आधी घेतला, मग काढून टाकला. वाघ काय, कनकेश्वरावरही होते म्हणाली. शेवटी आठ ठरले. लटकलेल्या माणसांसकट ट्राम. मुंबादेवीच्या दारातली वेणीवाली. बोरीबंदर. क्रॉफर्ड मार्केटात मासे विकणाऱ्या बाया, त्या आपल्यासारखंच लुगडं नेसतात की वेगळं ते बघायला. चौपाटीवरची गर्दी. घोड्याची व्हिक्टोरिया. छत्रीवाली पारशीण. आणि पालव्याच्या मोठ्या कमानीपुढे मी. पालवा म्हणजे अपोलो बंदर, आमच्याकडे सगळे पालवाच म्हणायचे. बाबा दोरी वळत ऐकत होते. ते काही बोलले नाहीत म्हणजे त्यांना कबूल आहे, असं मी धरलं. इथेच माझं चुकलं.

कार्तिकात आम्ही निघालो. शेजारची काकू आईजवळ राहिली. पहाटेच्या वाऱ्यावर मचवा सुटला, मी गवताच्या पेंढ्यांवर चढून बसले, कॅमेरा पदरात गुंडाळलेला. खालून पाणी जात होतं आणि वरून शीड अंगावर सावली पाडत होतं, काढत होतं. गवताला उन्हाचा वास होता. मी मधेच डोळे मिटायची, उघडायची, प्रत्येक वेळी मुंबई थोडी जवळ आलेली असायची. तो राखी पट्टा अगोदर निळा झाला, मग तपकिरी, मग त्याला खिडक्या आल्या. एका खिडकीत कुणीतरी लाल कापड वाळत घातलं होतं. मुंबईतलं मला दिसलेलं पहिलं माणसाचं काही म्हणजे ते कापड. आईला हे सांगायचं, असं मी मनात घोकत राहिले.

मुक्काम माझगावात मावशीच्या खोलीवर होता. पण बाबांनी धक्क्यावर उतरल्या उतरल्याच मला थांबवलं. ते दोन पावलं पुढे गेले, एक मागे आले, डोळे बारीक केले. "हितं," म्हणाले. समोर गोदीचं घड्याळ आणि त्याच्या बरोबर मागे एका गिरणीची चिमणी, एकावर एक बसलेली.

"हे कशाला? आपल्या यादीत नाही," मी म्हटलं.

"काढ."

मी काढला. मग त्यांनी माझे खांदे धरून मला काटकोनात फिरवलं. आता समोर माल उचलायची एक लोखंडी यारी होती आणि तिच्यामागे देवळाचा कळस. "आता ह्यो काढ."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संतापही आला. बाबा खुणा धरत होते. समुद्रावर खडक कुठे आहे, जाळं कुठे टाकलंय, हे आमची माणसं अशीच लक्षात ठेवतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेघेत आणायच्या, समजा ताडाचं झाड आणि मागची डोंगराची खिंड. मग तोंड फिरवून दुसऱ्या बाजूच्या दोन वस्तू एका रेघेत आणायच्या. दोन्ही रेघा जुळल्या की तुम्ही अगदी त्याच जागी असता, हातभरही इकडेतिकडे नाही. एका रेघेचा उपयोग नसतो, कारण त्या रेघेवर तुम्ही कुठेही असू शकता. म्हणजे बाबांच्या हिशेबाने एका जागेला दोन फोटो लागत होते. आठ फोटोंत चारच जागा.

मी धक्क्यावरच भांडायला उभी राहिले. हमाल बघायला लागले. "आईला ट्राम बघायचीय! बाया बघायच्यात!"

"ट्राम हालते," बाबा शांतपणे म्हणाले. "बाया हालतात. हालत्या वस्तूची खूण धरत न्हाईत."

"पण तिला खुणा नकोयत. तिला मुंबई बघायचीय."

"बघाया न्हाय, बाय. तिला तितं उभं ऱ्हायचंय. वीस वर्सं मी येकटाच उभा ऱ्हायलो."

हे वाक्य तेव्हा मी नीट ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात दोन फोटो वाया गेल्याचा हिशोब चालला होता.

दुसऱ्या दिवशी बोरीबंदर. तिथे ट्राम खणखणत आली, माणसं खरोखरच लटकलेली होती, एकाच्या हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. मी कॅमेरा उचलला. बाबांनी भिंगावर पंजा ठेवला आणि ट्राम जाऊ दिली. मग दिव्याचा खांब आणि त्यामागे स्थानकाचा घुमट, असा एक. आणि रस्त्यापलीकडच्या कचेरीचं छप्पर आणि त्यामागे मनोरा, असा दुसरा. बैलाचं शिंग आलं ते इथलं. चौपाटीवर वाळूत रोवलेला एक वासा आणि मलबार हिलवरचं पांढरं घर. मग पाण्यापलीकडे दूर दिसणारा उंच घड्याळाचा मनोरा आणि अलीकडे एक माड. गर्दी नको म्हणून बाबा मला पाण्याच्या अगदी कडेला घेऊन गेले. पाठीमागे सगळी मुंबई फुगे आणि शेंगा विकत होती. माझ्या पायांवरून लाट जात होती आणि मी काचेत एक माड बघत होते. माड काय, आमच्या दारात नव्हते?

पण खरं सांगायचं तर त्या दिवसाची आठवण काढली की रागाआधी दुसरंच काही येतं. काचेतलं ते जग. बोटभर काच, तिच्यात घुमट, मनोरा, आभाळ, सगळं उजवं डावीकडे गेलेलं, आणि आवाज नाही. बाहेर एवढा गोंगाट, आणि पोटाशी धरलेल्या त्या डब्यात मुंबई दुपारच्या झोपेत असल्यासारखी. बाबा कानाशी म्हणायचे, "थांब. थोडी डावीकडं. आजून तीळभर." आणि एक वस्तू हळूच दुसरीच्या आड जायची. ती आड जाताना छातीत काहीतरी जागच्या जागी बसायचं. हे मी तेव्हा मेल्याही कबूल केलं नसतं.

पालव्याला पोचलो तेव्हा दोन फोटो उरले होते. मी ठरवून टाकलं होतं की एक तरी माझा. बाबांनी सातवा घ्यायला लावला, कमानीचा कोपरा आणि त्यामागे मोठ्या हॉटेलाचा घुमट. मग ते पाण्याकडे वळले आणि थांबले. पायऱ्यांच्या टोकाला एक लोखंडी खांब होता. पलीकडे पाणी, नांगरलेल्या बोटी, आणि त्यापलीकडे काहीच नाही, धूसर पडदा. "वारा सुटू दे," म्हणाले, आणि उकिडवे बसले.

आम्ही दोन तास बसलो असू. एक म्हातारी पारशीण आली, अबोली रंगाची साडी, हातात छत्री. माझ्याकडचा डबा बघून हसली, म्हणाली, "फोटो काढते काय, दीकरी? माझा काढ ने!" आणि कमानीपुढे जाऊन छत्री उघडून उभी राहिली. हलेना. पापणीसुद्धा हलवत नव्हती. आईच्या यादीतली छत्रीवाली पारशीण आपण होऊन चालत आली होती. मी कॅमेरा धरला.

"न्हाय," बाबा म्हणाले.

"ती हलत नाहीये!"

"आता न्हाय हालत. मंग जाईल."

बाईंना काय ते कळलं असावं. छत्री मिटून, माझ्या गालाला हात लावून त्या निघून गेल्या. तेवढ्यात वारा सुटला. पडदा विरळ झाला आणि खांबाच्या मागे, अगदी वर, एक फिकट फुगवटा दिसायला लागला. बाबा उठले. "दे माझ्याकडं," म्हणाले. आख्ख्या दिवसात त्यांनी स्वतः काढलेला हा एकच फोटो. दोन तास बसून पाय अवघडले असतील, तरी ते खांबासारखे उभे राहिले, श्वास रोखला आणि खटका दाबला. लाल भिंगातले आकडे संपले. मी ओक्साबोक्शी रडले आणि मावशीच्या खोलीपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

कचकड्याचं गुंडाळं त्याच संध्याकाळी मावशीबरोबर गिरगावात एका फोटोवाल्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणायला मी गेले. बाबा धक्क्यावर मचवा भरत होते, भरती साधायची होती. फोटोवाल्याने पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली आणि एकेक बघत गेला. "हे काय काढलंय? खांब, मनोरे! पोरी, कुणी इंजिनेर आहे का तुमच्यात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्यावर तो थांबला. "यात तर काहीच नाही. पाणी आणि आभाळ, एक खांब, आणि वर डाग पडल्यासारखं काहीतरी. छापू?"

तो डाग काय आहे ते मला माहीत होतं.

"नको," मी म्हटलं. बाकीचे सात छापून हातात मिळेपर्यंत तिथेच बसून राहिले.

धक्क्यावर बाबांनी विचारलं, "आठ आलं?"

"सात."

"कंचा न्हाय आला?"

"शेवटचा."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. वीस वर्षं सुकाणू धरलेले हात. "माझाच हात हालला आसंल," म्हणाले आणि दोर सोडायला गेले. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. परतीच्या वाटेवर शिडापुढे कनकेश्वर मोठा होत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

घरी आईला उशांचा टेकू देऊन बसवलेलं होतं. तिने केस विंचरून घेतले होते. मी फोटो तिच्या मांडीवर टाकले, ठेवले नाहीत. "बघ, भिंती आणि खांब. माणसं तुझ्या नवऱ्याने येऊ दिली नाहीत."

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिचा बापही तांडेल होता. ती पाळण्यात असल्यापासून खुणांच्या गोष्टी ऐकत आलेली. एक फोटो उचलला, दुसरा उचलला आणि दोन्ही गोधडीवर काटकोनात ठेवले. मग दोन बोटं घड्याळावर आणि चिमणीवर, दोन बोटं यारीवर आणि कळसावर. डोळे मिटले.

"हां," म्हणाली. "उभी हाय."

बाबा बाजेच्या पायाशी बसले. "तुज्या उजव्या हाताला मचवं लागल्यात. गवताचा वास येतो. पायाखाली चिकाट हाय, जपून."

"पुढं?"

बोरीबंदरची जोडी मांडली गेली. "आता डावीकडनं ट्राम येते," बाबा म्हणाले. "घंटी वाजते. मानसं लोंबकाळल्यात, येकाच्या हातात पिंजरा हाय."

"पिंजऱ्यात काय?"

"पोपट."

आईने मिटल्या डोळ्यांनी मान डावीकडून उजवीकडे नेली. ट्राम तिच्यापुढून गेली. मी दाराला टेकून उभी होते, मी ती गेलेली पाहिली. चौपाटीवर तिने पाय आखडून घेतल्यासारखं केलं, लाट आली म्हणून. तिचे पाय हलत नव्हते, पण गोधडी हलली असं मला वाटलं. हलणारं सगळं बाबा बोलून दाखवत होते. न हलणारं त्यांनी तिला धरायला आणून दिलं होतं. आणि मी तीन दिवस तोंड फुगवून बसले होते.

मग आईने सातवा फोटो ठेवला. कमानीचा कोपरा, घुमट. तिचा हात गोधडीवर चाचपडत राहिला.

"हिची जोडी?"

"न्हाय आली," बाबा म्हणाले. "माझा हात हालला."

"मंग ह्या येका रेघंवं मी कुठं उभी ऱ्हाऊ?" तिने डोळे उघडले. "दुसरी खूण कंची व्हती?"

"आपला डोंगर."

आईने फोटो गोळा केले, एकावर एक नीट बसवले आणि खिडकीकडे तोंड केलं. पलीकडे दिवे लागत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नसावं, कारण तिचे डोळे मिटलेले होते.

सकाळी बाबा निघायच्या तयारीत होते. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. मी फोटोवाल्याने दिलेलं पाकीट काढलं, त्यातून कचकड्याची पट्टी काढली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"फोटो आला होता," मी म्हटलं. "मीच छापू नको म्हटलं. रागाने."

बाबांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं. त्या वेळी मारतील असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्यांनी फक्त डोक्याचा रुमाल काढला आणि पुन्हा बांधला. आईने हात पुढे केला. वळणारी ती पट्टी तिला ताठ धरवेना, म्हणून मी बाजेवर गुडघा टेकून ती खिडकीच्या उजेडात धरली.

मास्तर म्हणाले होते तसं सगळं उलटं होतं. आभाळ काळं, पाणी काळं. त्या काळ्यात खालून एक पांढरी रेघ, तो लोखंडी खांब. आणि त्याच्या अगदी डोक्यावर, तीळभर इकडेतिकडे नाही, एक उजळ फुगवटा. सगळ्या काळोखात उजेड होता तो तिथेच.

आईने मान उचलून डोळे पट्टीजवळ नेले.

"अवं," ती म्हणाली, "येवढं उजाळ दिसतं का आपलं?"

खरं काय ते मला माहीत होतं. बाबांनाही होतं, गोरापान दिसंन म्हणून हसवलं होतं ते त्यांनीच. वीस वर्षांत ज्यांनी घर दिसतं असं एकदाही म्हटलं नव्हतं, त्या माणसाकडे मी पाहिलं.

"व्हय," बाबा म्हणाले. "तितून आसंच दिसतं."

"रोज?"

"मी गेलो की बघतोच. पायऱ्यांवं उभा ऱ्हायचं, खांब डोंगराखाली घ्यायचा. मंग दिसतं."

"म्हंजी वीस वर्सं आमी तुमाला दिसत व्हतो," आई म्हणाली. "आन मी हितं समजत व्हते..." तिने सातवा फोटो उचलला, माझ्या हातातल्या पट्टीशेजारी धरला आणि डोळे मिटले.

बाबा भरतीची वेळ झाली म्हणून निघाले. मी पट्टी खाली घ्यायला लागले तर आई डोळे न उघडताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे जरा." मी ती तशीच उजेडात धरून राहिले. हात भरून आला तरी खाली घेतला नाही.